तीर्थातलं निरसं दूध

“ब्रुसेलोसिस,” डॉक्टरबाई म्हणाल्या. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मी डॉक्टरबाईंकडे. मलेरिया, टीबी, कॅन्सर हे शब्द आमच्या भिवंडीतल्या कामतघरच्या चाळीत लहान पोरांनाही ठाऊक आहेत. हा शब्द कुणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. किती घाबरायचं तेही कळेना.

हा गुरांचा रोग, त्यांनी समजावलं. जंतू जनावराच्या दुधात उतरतो आणि न उकळलेल्या दुधातून माणसाच्या रक्तात जातो. ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. सांधे धरतात. आईच्या बाबतीत तो पाठीच्या मणक्यांत जाऊन बसला होता.

“पण आमच्याकडे निरसं दूध कुणी पीतच नाही,” मी म्हणाले.

“तीन उकळ्या न्हाय आल्या तर मी चहान पन घालीत न्हाय,” आई म्हणाली.

आम्ही दोघी खोटं बोलत नव्हतो. तुमच्या घरात कुणाचा ताप महिनोन्‌महिने हटत नसेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. संध्याकाळी कणकण, मग लुगडं पिळून काढावं इतका घाम, आणि सकाळी बाई ठणठणीत. सकाळी बऱ्या दिसणाऱ्या बाईला कुणी आजारी धरत नाही. नाक्यावरच्या डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. मग विडाल टेस्ट केली, म्हणजे टायफॉईडसाठी रक्ताची तपासणी. “थोडा टायफॉईड आहे,” ते म्हणाले. थोडा टायफॉईड म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. आजारी माणसाबरोबर गेलेलं माणूस फार प्रश्न विचारत नाही. डॉक्टर रागावले तर, अशी भीती असते.

मग पाठ दुखू लागली. एक्स-रे पाहून दुसऱ्या डॉक्टरांनी मणक्याचा टीबी असावा म्हणून औषधं सुरू केली. आईला जरा बरं वाटलं. आम्हाला वाटलं, सापडला एकदाचा रोग. पुढे कळलं, टीबीच्या गोळ्यांतली एक या रोगावरही थोडीफार चालते. त्या थोड्या बऱ्या वाटण्यानेच आमचा हिवाळा खाल्ला. होळीपर्यंत आईला भिंत धरल्याशिवाय मोरीपर्यंतही जाता येईना.

म्हणून मुंबईचं सरकारी रुग्णालय. एमआरआय, म्हणजे शरीराच्या आतले फोटो काढणारं मोठं नळकांडं. ब्लड कल्चर, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतो का ते बघणं. हा जंतू सावकाश वाढतो, म्हणून वाट बघायची. बाकावर आमच्याशेजारी भिवंडीचाच एक लूम कामगार होता, हात फडक्यात बांधलेला. तो आईला म्हणाला, “अम्मा, अपना नंबर आने तक बीमारी खुद बोर होके चली जाएगी.” आई हसली आणि हसताना पाठीत कळ आली म्हणून रडली. मी नुसती तिची पिशवी धरून बसले.

रोगाचं नाव कळल्यावर डॉक्टरबाई थांबू शकल्या असत्या. औषध लिहून झालं होतं. पण त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “मावशी, उपास करता का?”

“सोमवारचा.”

“सोडता कशावर?”

“देवळान तीर्थ घेतंय वाटीभर, मंग जेवतंय.”

“तीर्थात काय असतं?”

“पंचामृत. दही, मध, तूप, साखर...” आई अडली. “दूध असतंय. पन ते दूध न्हाय बाई, तीर्थ हाय.”

उकळलेलं दूध देवाला चालत नाही, ते निरसंच लागतं, ही आमच्याकडची रीत. दर सोमवारी आई टेमघरला बाळूदादाच्या गोठ्यावरून लोटीभर दूध घ्यायची, शंकराच्या देवळात अभिषेक करायची आणि तेच घेऊन उपास सोडायची. दुधाबद्दल याआधीही डॉक्टरांनी विचारलं होतं. आम्ही दर वेळी नाही म्हटलं होतं. तीर्थ दुधात धरतात, हे आमच्या मनातही आलं नव्हतं.

माझे बाबा गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. लूमवरच्या बारा तासांच्या शिफ्टविरुद्ध, लोडशेडिंगविरुद्ध, रेशनच्या किड्यांविरुद्ध. त्यांवरच मी वाचायला शिकले. सुटं दूध बंद करायची भाषा निघाली तेव्हा मीही पत्रक काढलं होतं: काय प्यायचं ते गिऱ्हाईक ठरवेल, सरकार नाही. ते मला आजही पटतं. पण ठरवायला आधी माहिती लागते. माझ्या आईने काहीच ठरवलं नव्हतं. तिला रोग लोटीतून दिला गेला आणि तिने तो डोळ्यांना लावून घेतला. याला निवडीचं स्वातंत्र्य म्हणणारा माणूस एकतर मूर्ख आहे किंवा दूध विकतो.

मी गोठ्यावर भांडायला गेले. बाळूदादा धार काढत होता.

“दुधान पानी निघला तर चप्पल मार मला,” तो म्हणाला. “इन्स्पेक्टर तपासून गेलाय.”

“पाण्याचं नाही रे दादा. तुझी गाय गाभडली होती का?” या रोगाने गाईचं वासरू दिवस भरायच्या आधीच पडतं, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं.

“दोनदा. दिष्ट लागली.” मग हात थांबवून त्याने विचारलं, “का गो बाय?”

मी सांगितलं. तो चरवीत बघत राहिला. तो स्वतः तेच दूध प्यायचा. माझं भांडण तिथेच संपलं.

सरकारी गुरांच्या डॉक्टरांनी गाईचं रक्त तपासलं. रोग निघाला. “वेगळी बांधा, दूध उकळून वापरा,” ते म्हणाले. सक्ती करता येईल का, विचारलं तर म्हणाले, “आमच्या हातात सांगणं आहे.” वेगळी बांधायला बाळूदादाकडे जागा नव्हती, तीन बाजूंनी गोदामं उठली होती. ठाण्याच्या अन्न आणि औषध खात्याच्या कार्यालयात साहेब सौजन्याने बोलले. “आम्ही पाणी बघतो, फॅट बघतो, भेसळ बघतो. जनावराचा रोग आमच्याकडे येत नाही.” गुरांच्या खात्यात म्हणाले, दूध आमच्याकडे येत नाही. अन्नाचा नवा कायदा दिल्लीत झाला होता, त्याचे नियम यायचे होते. “येतील,” साहेब म्हणाले. आणि आले असते तरी तीर्थ त्यांत कुठे बसलं असतं? ते कुणी विकत नाही.

मी पत्रक काढलं आणि देवळाबाहेर वाटलं. एक काका म्हणाले, “आता देवालापन लायसन काढायला लावशील?” लोक हसले. बाबांच्या पत्रकांना मालक निदान शिव्या द्यायचे.

आईचं औषध पुढे महिनोन्‌महिने चाललं: डॉक्सिसायक्लिन, रिफॅम्पिसिन आणि सुरुवातीला रोजचं इंजेक्शन. तोंडाची चव गेली, मळमळ राहिली. ताप गेला. पाठ पूर्वीसारखी होणार नाही, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा आईनेच त्यांचा हात थोपटला. मी त्यांची ऋणी आहे ती औषधापेक्षा त्या उपासाच्या प्रश्नासाठी. तुम्हाला डॉक्टरांनी दुधाबद्दल विचारलं तर तीर्थ सांगा, प्रसाद सांगा, बोटावर घेऊन चाटलेलं सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

श्रावणात आई काठी घेऊन देवळात गेली. नमस्कार केला, तीर्थ घेतलं नाही. तिच्यामागे शेजारची नवी सून होती, पोट दिसू लागलेली. पोटुशीला हा रोग फार वाईट, मूल पडतं, हे आम्हाला रुग्णालयात कळलं होतं. पोरीने हात पुढे केला तसं आईने तिचं मनगट धरलं.

“नको गो पोरी. निरसा दूध हाय त्यान. माझी पाठ बघ.”

सासू मागून म्हणाली, “वहिनी, तुमची पाठ वयानी गेली. देवाच्या तीर्थानी कुनाला काय व्हतंय?”

पोरीने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग सासूकडे. मनगट हळूच सोडवून घेतलं, तीर्थ प्यायली आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

बाहेर पायऱ्यांवर आई बसून राहिली. माझ्या पिशवीत उरलेली पत्रकं होती, ती काढायचीही मला लाज वाटली.

“सासूला घरी गाठू,” आई शेवटी म्हणाली. “देवाम्होरं कुनी ऐकत न्हाय.” आणि काठीसाठी हात पुढे केला. “ऊठ, हात दे.”