खाच पाडलेलं बटण

कुमासी शहराच्या बांतामा भागातल्या आंत्वी मास्टरला एक खोड होती. रेडिओ दुरुस्त केला की झाकण लावण्याआधी आत पेन्सिलीने तारीख घालून सही करायची. न्यार्कोमामांच्या रेडिओत अशा अकरा सह्या होत्या, आणि पहिली केली तेव्हा मास्टरच्या डोक्यावर दाट केस होते.

न्यार्कोमामा आंधळे. सकाळी रेडिओवर मयतांच्या सूचना लागायच्या. कोण गेलं, कोणत्या शनिवारी अंत्यविधी, कपडे काळे-लाल घालायचे की पांढरे, मामा सगळं पाठ ठेवत. कामावर निघालेली माणसं त्यांच्या ओट्याशी थांबून विचारत. मामांचा गल्लीतला मान तो एवढाच, आणि तो रेडिओने मिळवून दिलेला. बटणावर त्यांनी ब्लेडने एक खाच पाडली होती. खाच वर आली की आपलं स्टेशन.

मग भाच्याने परदेशातून नवा रेडिओ पाठवला. हलका, गुळगुळीत. घरात नवं आलं की जुनं मास्टरकडे सुट्या भागांसाठी जायचं, ही तिथली रीतच. मामांची बहीण डुफी ‘वाचे’, म्हणजे चवळी घातलेला भात विकायची. ती जुना रेडिओ दुकानात टाकून आली आणि मामांना म्हणाली, "मास्टरने जपून ठेवलाय." मास्टरने आठवड्याभरात तो खोलून त्याचे भाग इतरांच्या रेडिओंत बसवले. एवढा अस्सल माल हाती आला म्हणून त्या दिवशी तो खूश होता. तो आनंद त्याला पुढे फार सलला.

आठव्या महिन्यात नवा रेडिओ मुका झाला. मास्टरने तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

"याला स्क्रूच नाही. चिकटवलाय मेल्यांनी!"

"मग फोडा," डुफी म्हणाली.

त्याने फोडला. आत बॅटरी फुगलेली आणि बाकी सगळं डांबरासारख्या एका टणक काळ्या थेंबाखाली गाडलेलं. बदलावं असं काही नव्हतंच.

"सही करायलासुद्धा जागा नाही," तो पुटपुटला.

"मामा म्हणतात, जाऊ दे, माझा जुना आण." डुफीचा आवाज पडला. "चार दिवस ओट्याशी कुणी थांबलेलं नाही. पलीकडची म्हातारी गेली, ते त्यांना रडण्यावरून कळलं."

"तू त्यांना खरं सांगितलं नाहीस?"

"तुम्ही सांगा. कापाकापी तुम्ही केलीत."

जुन्या रेडिओचा स्पीकर सलिफू न्हाव्याच्या रेडिओत होता, ट्रान्सफॉर्मर एका शिंपिणीच्या. एक उभा करायला दोन चालते मारावे लागले असते. मास्टरचा हात धजेना. शेवटी त्याने टेबलावरचा स्वतःचा रेडिओ उचलला आणि मामांच्या मांडीवर नेऊन ठेवला. खरं सांगायचा धीर मात्र त्याला झाला नाही.

"घ्या मामा."

मामांनी कडेवरून बोटं फिरवली. "हा माझा नव्हे." मग बोट बटणावर थांबलं. "बटण माझं आहे."

मास्टरने वाकून बटण पाहिलं. स्वतःचं बटण तुटलं तेव्हा त्याने मामांचं बसवलं होतं, आणि ते साफ विसरला होता.

"बाकीचा कुठाय, आंत्वी?"

"वाटला, मामा. चूक झाली माझी. स्पीकर सलिफूकडे आहे."

"वाजतो?"

"वाजतो."

मामांनी मांडीवरचा रेडिओ बाजूला ठेवला. मग त्यांनी हात पुढे केला. "चल, ने मला."

सलिफूच्या दुकानात गिऱ्हाइकाने खुर्ची रिकामी करून दिली. मामा रेडिओला कान लावून बसले. सूचना चालू होत्या. एकेक नाव ऐकताना त्यांचे ओठ हलत होते. संपल्यावर ते म्हणाले, "आवाज तोच आहे."

मास्टरला बरं वाटलं.

"तू रेडिओ दिलास, उपकार झाले," मामा उठताना म्हणाले. "पण तो नवा होता ना, त्याचं काय काय कुणाकुणाला देणारेस?"

नवा रेडिओ मास्टरने आदल्या दिवशीच कचऱ्यात टाकला होता.