भिंतीवरची तिसरी

बापाची बोटं तशीच राहिली, आणि तिथंच पेंटरचं चुकलं.

आरोग्य केंद्राच्या दर्शनी भिंतीवर वीसेक वर्षं एक कुटुंब उभं होतं: आई, बाप, मुलगा, मुलगी. बापाचा उजवा हात वर, त्याची दोन बोटं ताठ, आणि खाली ओळ, ‘दोघांवर थांबा, सुखात नांदा’. आता वरून हुकूम आला की देशात पोरं कमी पडायला लागली आहेत, तेव्हा चित्रात एक वाढवा. पेंटर शिडीवर चढला. आईशेजारी तिसरं पोर म्हणून मुलीचा फ्रॉक काढला, पाय काढले, बूटसुद्धा काढले, खाली ‘तिसऱ्यालाही जागा करा’ असं ठसठशीत लिहिलं. बापाकडे मात्र लक्षच गेलं नाही. तीन पोरांचा बाप दोन बोटं दाखवत खुशाल हसत उभा.

“पेंटर,” डॉक्टरीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “हा बाप तिसरं माझं नाही म्हणतोय की काय?”

औषधांच्या रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“करतो नीट, बाई.”

“आणि पोरीला तोंड? उद्या सकाळी मोठे साहेब तपासणीला येतायत. बिनतोंडाचं पोर दाखवू त्यांना?”

“आज होतं.”

तोंडच तर होत नव्हतं. अक्षरं म्हणाल तर पेंटर डोळे मिटून काढेल, पण चेहरा त्याला मनानं काढता येत नाही. समोर कुणीतरी उभं लागतं. मूळ चित्राच्या वेळी त्यानं घरच्यांनाच उभं केलं होतं. बायको भिंतीला टेकून, लेक बिस्किटाच्या आमिषानं, आणि बहिणीला उभं केलं म्हणून मुलगा हट्टानं. आईचं रुंद कपाळ बायकोचं आणि मुलाचे सुपासारखे कान बापाकडून आलेले, हे रस्त्यानं जाणारं शेंबडं पोरही सांगायचं. पुढं मुलगा शाळेला लांबच्या रस्त्यानं जायचा, कारण वर्गातली पोरं भिंतीपुढं थांबून त्याला सलाम ठोकायची.

त्या वेळी बायकोला तिसरा महिना होता. तेव्हाचे साहेब चहा पिता पिता सहज म्हणाले होते, “पेंटर, भिंतीवर दोन आणि घरात तीन, लोक हसतील हो. जिल्ह्यातल्या सगळ्या भिंती तुलाच द्यायच्या म्हणतोय मी.” एवढंच. ना धमकी, ना सक्ती. पेंटरनं घरी येऊन तेच वाक्य जसंच्या तसं बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

“सगळ्या म्हणजे वर्षभराचं काम असेल,” ती म्हणाली.

“असेल.”

तिनं ताटातले तांदूळ निवडून संपवले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रिक्षावाल्यानं दोघांना दवाखान्यात नेलं. तिसरं काढलं आणि त्याच खेपेला पुढचा रस्ताही कायमचा बंद केला. दुपारी त्यानंच घरी आणून सोडलं. भाडं द्यायला गेल्यावर त्यानं हात झटकला. “राहू दे रे. कधीतरी रिक्षाच्या मागं माझ्या चारी पोरांची नावं काढून दे. तुझ्या त्या भिंतीसारखी, ठळक.”

“देतो की,” पेंटर म्हणाला होता.

त्यानंतर त्या गोष्टीवर घरात अवाक्षर निघालं नाही. भांडण नाही, रडणं नाही, टोमणा नाही. रंगाआधी भिंतीला प्रायमर मारतात, तसं काहीतरी दोघांवर मारलं गेलं असावं. वर कुठलाही रंग बसायचा, आतलं काही उमटायचं नाही.

आणि आता ही तिसरी. घरी त्यानं “जुन्या चित्राची दुरुस्ती आहे” एवढंच सांगून ठेवलं होतं. बायको दुपारी डबा घेऊन यायची, त्याच्या आत चेहरा उरकून टाकावा, कुणाचा तरी परका, म्हणजे तिला काही लागणार नाही, असा त्याचा हिशेब. म्हणून औषधवाल्याच्या दुकानातलं कॅलेंडर मागून आणलं होतं. त्यावर एक गुबगुबीत बाळ होतं. ते त्यानं जसंच्या तसं फ्रॉकवर चढवलं. गाल भरत असतानाच खालून आवाज आला.

“मुलगी काढलीत?”

बायको डबा धरून उभी. ब्रश गालावरच थांबला.

“बाईंनी सांगितलं... काहीही काढ म्हणाल्या.”

ती बघत राहिली, भाजीचा भाव ऐकून पुढं जावं की थांबावं हे ठरवताना बघतात तशी.

“हे आपलं वाटत नाही,” ती म्हणाली.

“आपलं कसं असतं?”

“मला काय ठाऊक.” तिनं डबा शिडीच्या पायरीवर ठेवला. “कान तरी तुमचे घाला. दोघांचे तसेच आहेत.”

“मुलीला बरे दिसतील का?”

“आपल्या लेकीला नाहीत? एवढे कान घेऊनही तिला कुणाचं ऐकू येत नाही. काल फोनवर म्हणाली, आई, एकसुद्धा परवडत नाही.” ती वळली. “भिंतीवर तरी होऊ दे. डबा येताना घेऊन या.”

ती गेली. पेंटरनं चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून कॅलेंडरचं बाळ पुसून काढलं. समोर उभं करायला कुणी नव्हतं. मग त्यानं शेजारच्या चित्रातलंच उसनं घेतलं, कपाळ आईचं, नाक भावाचं, जिवणी बहिणीची, आणि शेवटी कान. चेहरा झाला. हसरा नाही, रडका नाही. रांगेत नंबर लागायची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मान तिरकी करून पाहिलं. “छान. जरा हसवा की तिला.”

“रंग ओला आहे बाई. आता हात लावला तर सगळंच पसरेल.”

बापाला तिसरं बोट त्यानं सगळ्यात शेवटी काढलं. जुना रंग उन्हानं उडालेला, त्यामुळे नवं बोट जुन्या दोन्हींपेक्षा चांगलंच गोरं दिसायला लागलं. तो शिडी खाली घेत होता, तेवढ्यात रिक्षा थांबली.

“पेंटर! ऐकलंस का? उद्या साहेबांच्या हस्ते माझा सत्कार आहे, चार पोरांचा बाप म्हणून!” रिक्षावाला खो खो हसला. “तेव्हा ह्याच पोरांपायी ह्याच दवाखान्यात शिव्या खाल्ल्या मी. ते जाऊ दे. नावं कधी काढतोस? आता नातवंडांची पण घालावी लागतील बघ!”

रिक्षाचा मागचा पत्रा समोरच होता. कोरा, वर धूळ. ब्रश अजून पेंटरच्या हातातच होता.

“आज रंग संपलाय,” तो म्हणाला, आणि रंगाच्या अर्ध्या भरलेल्या डब्यावर त्यानं अंगठ्यानं झाकण दाबून बसवलं.