मधोमध उघडणारं शीड

बिंदुमाधव शिंप्याने तीस वर्षांत माझ्यासाठी अकरा राण्या शिवल्या. बेंगळूरच्या आमच्या हौशी मराठी मंडळात मी राण्याच करत असे. दासी मला शोभत नाही, हे त्याचंच मत होतं आणि मी ते कधी खोडलं नाही. माणूस बुटका, कॉलरला कायम सुई टोचलेली.

त्र्याण्णव साली तो माझ्याकडे आला आणि मंडळाचा जुना निळा पडदा मागू लागला. मला वाटलं, मंडळात पुन्हा नाटक उभं राहतंय. मी लगेच केस सावरले. पण त्याला पडदा हवा होता शिडासाठी. फौजेतले एक निवृत्त साहेब गाव सोडताना त्याला छोटी होडी देऊन गेले होते. तिचं शीड उंदरांनी खाल्लं होतं.

होडी कशाला, तर मुलांसाठी. त्याचा थोरला प्रवीणकुमार पीण्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर होता, धाकटा विनोदकुमार दुकानात मशीनवर. थोरल्याच्या लग्नासाठी मुलीकडचे लोक घर पाहायला आले, तेव्हा थोरल्याने सख्ख्या भावाची ओळख 'दुकानातला माणूस' अशी करून दिली. लग्न झालं, सून शिल्पाश्री बाळंतपणाला माहेरी गेली, तरी चौदा महिने भावाभावांत शब्द नव्हता. एकाच पंगतीला बसून दोघे म्हणत, "आई, त्याला सांग, मीठ सरकव." त्यांची आई शकुंतलाबाई बिचारी दिवसभर निरोप्या.

"बाळ यायच्या आत हे दोघं बोलायला हवेत, अक्का," बिंदुमाधव म्हणाला. "घरात कुणी रागावलं की उठून जातं. होडीत कुठे जाईल?"

मी पडदा दिला. वर स्वतःही गेले; वजनाला कुणीतरी लागतं म्हणाला. राणीला असं आमंत्रण कधी आलं नव्हतं.

येलहंक्याच्या तळ्यावर रविवारी सकाळी आम्ही पाच जण बसलो. एका टोकाला प्रवीण, दुसऱ्या टोकाला विनोद, मध्ये आई, तिच्या मांडीवर चित्रान्नाचा, म्हणजे लिंबूभाताचा, डबा. सुकाणू बिंदुमाधवकडे. साहेबांनी त्याला दोन रविवार शिकवलं होतं, म्हणून चेहऱ्यावर दर्यावर्दी भाव.

तळ्याच्या मध्यावर वारा आला आणि शीड मधोमध फाकलं. दोन्ही भाग डौलात बाजूला सरले. पहिल्या अंकाला सरायचे, तसेच. बिंदुमाधवने आयुष्यभर पडदे दोन भागांत शिवले होते. कड्या लावून, मधून उघडणारे. हेही त्याने तसंच शिवलं होतं, वर खाली छान झालर. होडी जागच्या जागी गिरक्या घेऊ लागली.

प्रवीणने एक भाग पकडला, विनोदने दुसरा. दोघे उलट दिशांना ओढत होते.

"आई, त्याला सांग, माझ्याकडे ओढ म्हणावं."

शकुंतलाबाईंनी शांतपणे डबा उघडला, मोठा घास तोंडात घातला आणि गालाकडे बोट दाखवलं. तोंड भरलेलं, निरोप बंद. होडी कलली. मी नऊवारी सावरत देवाचं नाव घेतलं, जरा मोठ्यानेच. सवय जात नाही.

"विन्या, इकडे ओढ की!" प्रवीण थेट म्हणाला.

विनोद म्हणाला, "दुकानातला माणूस मी. सुपरवायझर साहेबांनी सांगितलं, ओढतो."

प्रवीणने हातातलं कापड सैल सोडलं.

"चुकलं माझं," प्रवीण म्हणाला. "लाज वाटली होती."

"माझी?"

"माझी रे. ते लोक विचारतील, थोरला का नाही मशीनवर, असं वाटलं. मला अजून एक सरळ काज येत नाही. अप्पांनी किती वेळा उसवायला लावलं, आठवतंय ना?"

बिंदुमाधव सुकाणूकडे पाहत राहिला. विनोदने त्याच्या कॉलरची सुई उपटली, झालरीतून दोरा ओढून काढला. "दोन्ही कडा घट्ट धर. हलवू नकोस. स्वल्प खाली. अरे, काज येत नाही ते ठीक, पण कापड धरताही येत नाही तुला?"

"टाके केवढे घालतोस! हे काय पोतं आहे?"

शिवण पुरी झाली. शीड फुगलं आणि होडी सरळ निघाली. मग कळलं की साहेबांनी बिंदुमाधवला वाऱ्याबरोबर जायला शिकवलं होतं, परत यायला नाही. पलीकडच्या काठावर, बांबूच्या बेटात आम्ही अडकलो.

होडी मुलांनी डोक्यावर घेतली. तळ्याला वळसा घालून तास लागला. पुढे प्रवीण, मागे विनोद, दोघांची डोकी होडीखाली, आणि आतून टाक्यांवरून भांडण चालू. एकदा आवाज फारच चढला, तेव्हा मी मध्ये पडायला निघाले. बिंदुमाधवने माझा हात धरला.

"राहू दे, अक्का. चौदा महिन्यांचं साठलंय."