न उतरलेली खूण

उज्ज्वलाताई गेल्या, त्याला आता महिना होऊन गेला. त्यांच्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी नुसता ‘हो, हो’ म्हणत राहिलो... ताईंशी एक बोलायचं होतं, ते राहूनच गेलं.

ताई मूळच्या परभणीच्या, राहायच्या निगडीत. कारखान्यांतल्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या आमच्या छोट्या कंपनीत त्या मला वरिष्ठ. चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबून आकार देणारा नवा प्रेस बसत होता. त्यासाठी जुन्या प्रेसच्या क्लासवरून, म्हणजे कोडच्या साच्यावरून, मी नवा क्लास लिहिला. जुन्यात प्रेस चालू करणाऱ्या आज्ञांच्या तुकड्यावर, मेथडवर, एक अ‍ॅनोटेशन होतं, म्हणजे कोडवर लावलेली खूण: आधी प्रेसभोवतीच्या जाळीचं दार बंद आहे का बघ. मूळ क्लासचं बाकी सगळं वारशानं मिळतं, तशी हीही मिळेल असं मी धरून चाललो. पण ती मेथड मी नव्यानं लिहिली होती, आणि अशा मेथडवर वरची खूण उतरत नाही. प्रोग्रामनं कुठे तक्रारही केली नाही.

चाचणीच्या दुपारी मशीनवर दत्ताभाऊ होते, तिथल्याच गावचे. अडकलेला पत्रा काढायला त्यांनी दार उघडलं, हात आत घातला. ताई स्क्रीनपाशी उभ्या होत्या. दार उघडं, आणि स्क्रीनवर प्रेस चालू करायची आज्ञा निघालेली... त्यांनी लाल बटण दाबलं. प्रेस वरच्या वर थांबला. दत्ताभाऊंनी हात बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “हाय जागंवर.”

कोड कुणाचा, असं आमच्या साहेबांनी विचारलं. ताई म्हणाल्या, “तपासून सही मी केली होती. मला दिसायला पाहिजे होतं.”

ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मी बोललो नाही. ताईंना त्या कामावरून काढलं. पुढे ते माझ्याकडे आलं. त्यांनी कधी विषय काढला नाही, मला टाळलंही नाही. डबा खायला शेजारीच बसायच्या... तेच जड जायचं.

काम सोपवताना त्यांनी एक तपासणी लिहून ठेवली: वर खूण असलेली मेथड नव्या क्लासमध्ये पुन्हा लिहिली आणि तिच्यावर खूण नसेल तर कोड पुढे जाऊच द्यायचा नाही. ती अजून रोज चालते. गेल्या आठवड्यात नव्यानं रुजू झालेली मुलगी तिथे अडली. वैतागून म्हणाली, “सर, वरच्या क्लासवर खूण आहे की.”

मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो. “मलाही असंच वाटलं होतं,” म्हणालो, आणि दत्ताभाऊंच्या हातापासून सगळं सांगितलं... माझ्या नावासकट.