सलीमभाईंच्या मागच्या टेबलावरचे फॉल्ट

आम्ही कुठलाही टेप खोलून परत बंद केला की दोन-तीन स्क्रू उरतात. ते कुठले, हे कुणालाच कळत नाही, आणि टेप तर व्यवस्थित वाजत असतो. मग ते आम्ही लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत टाकतो. बरणी आता गळ्यापर्यंत भरत आलीय. किस्स्यांचंही तसंच झालंय. कुठे बसवायचे ते कळत नाही आणि फेकवतही नाहीत.

आम्ही म्हणजे तिघं. मी कळमनुरीत एका शाळेत क्लार्क. मुंजाजी सर त्याच शाळेत विज्ञान शिकवतात. तिसरे सलीमभाई. त्यांचं नांदेड रोडला गाड्यांचं वायरिंग आणि टेप-स्पीकर बसवायचं दुकान आहे. खरे मिस्त्री तेवढे एकच, आम्ही दोघं हौशी. रविवारी सलीमभाई आम्हाला दुकानातलं मागचं टेबल देतात आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला आमची ओळख एकाच वाक्यात करून देतात, "जो काम दो घंटे का है ना, उसकू सर लोगां दो इतवार समझते बैठते."

माझी हौस मात्र निव्वळ हौस नाही, हे इथंच कबूल करतो. माझे सासरे कुरुंद्याचे. मी त्यांना मामा म्हणतो. हळदीचं शेत, दारात जीप, चार माणसांत वजन. त्यांच्या घरातली एखादी तरी वस्तू माझ्या हातून दुरुस्त व्हावी आणि मामांनी ती बघावी, एवढीच माझी इच्छा. लग्नाला नऊ वर्षं झाली. जेवायला बसलो की जावई म्हणून माझं ताट त्यांच्या उजव्या हाताला मांडतात. मी नवीन काय बनवलं ते उत्साहानं सांगत असतो आणि मामा भाकरी मोडत राहतात. हूं नाही की चूं नाही. पंखा कुरकुरला तर माझ्यादेखत गावातल्या मिस्त्रीला बोलावणं जातं. हे मला फार लागतं.

*

मुंजाजी सरांच्या जुन्या गाडीत ब्रेक दाबला की टेप बंद पडायचा. पाय काढला की गाणं पुढे सुरू. सर हे प्रकरण शास्त्रीय पद्धतीनं घेऊन बसले. सर्किटच्या आकृत्या काढून वहीची तीन पानं भरली आणि चौथ्या पानावर त्यांनी सिद्ध केलं की असं होऊच शकत नाही. तरी ते होतच होतं.

शेवटी सलीमभाईंनी डॅशबोर्डखाली हात घातला, अर्थिंगची एक सैल वायर घासून बॉडीला आवळली आणि चहा प्यायला निघून गेले. टेप सलग वाजायला लागला. काहून वाजायला लागला, ते सरांना अजून पटलेलं नाही.

पुढच्या रविवारी सर आले ते तोंड पाडूनच.

"आमची ही आता गाडीत बसायला तयार नाही," ते म्हणाले.

"आता काय झालं?"

"ती म्हणते, आधी गाणं थांबलं की कळायचं, ब्रेक लागला. आता काय भरवसा तुमचा?"

*

मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एक ॲम्प्लिफायर बनवला. आत ब्लूटूथचं तयार कार्ड बसवलं. त्याला बारीकसा माइकही होता. मोबाइलवरचं गाणं डब्यातून ऐकू यावं, अशी योजना. पण माझा मोबाइल त्या डब्याला कधी जोडलाच गेला नाही. महिनाभर डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर मुका बसून होता.

एका दुपारी मी शाळेत होतो आणि बायको, रेखा, घरी एकटी होती. अचानक डबा म्हणाला, "जेवलीस का?"

रेखा म्हणाली, "न्हाई अजून."

"भाजी काय केली?"

"गवार."

"कूट घातलं का त्याच्यात?"

"संपलंय."

मी संध्याकाळी विचारलं, अगं, बाईचा आवाज होता, तुला काहीच वाटलं नाही? तर ती म्हणाली, "तुमच्या डब्यातून काय निघंल त्याचा काय नेम?"

झालं होतं असं. शेजारच्या मंदाकाकूंचा मोबाइल आमच्या डब्याला जोडला गेला होता. पलीकडून बोलत होती त्यांची बहीण. काकू अंगणात हॅलो हॅलो करून बेजार, आणि बहिणीला वाटत होतं की आपण काकूंशीच बोलतोय. पाच मिनिटं गप्पा झाल्यावर डब्यानं विचारलं, "बरं, ते तुझ्या शेजारचं येडं अजून डबे खोलूनच बसतंय का?"

रेखा म्हणाली, "व्हय की."

*

सरांकडे एक मल्टिमीटर आहे. एकदा महिनाभर तो प्रत्येक बॅटरीला गरजेपेक्षा जास्त व्होल्ट दाखवत होता. मेलेली बॅटरी आणली तरी ठणठणीत. सरांनी त्या भरवशावर सहा गाड्यांचे टेप खोलून तपासले, कारण बॅटरीत तर दोष नव्हता. गाड्या मात्र ढकलून स्टार्ट कराव्या लागत होत्या आणि आम्ही तिघंही चक्रावून गेलो होतो.

अखेर सलीमभाईंनी मल्टिमीटरच उघडला. त्याच्या स्वतःच्या आतली बॅटरी उतरली होती, म्हणून तो काहीही आकडे सांगत होता.

सलीमभाई म्हणाले, "सर, मरीज को छोडो, पहले डॉक्टर की नब्ज देखो."

*

सखाराम नावाचा मेंढपाळ आहे. त्याच्याकडे एक पिकअप आहे. मेंढरं माळावर पांगली की तो गाडी सुरू करून टेप लावतो आणि सगळी मेंढरं गाडीमागे चालायला लागतात. त्याची तक्रार एकच. इंजिन सुरू असलं की गाण्यात घरघर येते. आम्ही नवीन फिल्टर बसवला, सगळ्या वायरी नीट बांधल्या. तासाभरात घरघर गेली. आमचं पहिलं निर्दोष काम म्हणून आम्ही तिघांनी फोटो काढला.

चार दिवसांनी सखाराम परत आला. "मेंढरं येईनात," म्हणाला.

सरांनी त्याला वेगवेगळ्या चालींची गाणी भरून दिली. स्वतः माळावर जाऊन उभे राहिले. मेंढरांनी मान वर केली नाही. शेवटी सखारामनंच डोकं चालवलं. "सर, ते गाण्यानं येतच नव्हते. त्या घरघरीनं येत होते. ती परत घाला."

आम्ही फिल्टर काढला. घरघर आली नाही. वायरी सैल केल्या, तरी नाही. जी घालवायला तास लागला होता, ती आणायला तीन रविवार गेले. कशी आली तेही नक्की सांगता येणार नाही. एकदा सर चुकून कशावर तरी टेकले आणि ती सुरू झाली.

सलीमभाई दाराशी उभे राहून म्हणाले, "इतने साल में पहली बार कोई खराबी फिट करवाने आया."

*

आणि एका रविवारी सकाळी दुकानासमोर मामांची जीप थांबली.

"पुढच्या दारातला उजवीकडचा स्पीकर वाजत न्हाई," मामा उतरत म्हणाले. "दोन मिस्त्री झाले. दोघंबी म्हणतात, वाजतो. आता तुमी बघा."

तुम्ही बघा. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मी टेप लावला. दोन्ही स्पीकर वाजत होते. मी उजव्या दाराला कान लावला, हात लावला, पडदा थरथरत होता. मामा ड्रायव्हरच्या सीटवर बसून म्हणाले, "न्हाई वाजत."

अशा वेळी डाव्या-उजव्याची अदलाबदल करतात. स्पीकर खराब असेल तर फॉल्ट त्याच्याबरोबर पलीकडे जातो. मी स्पीकर बदलले. मामा म्हणाले, "उजवाच बंद हाय." मी वायरी बदलल्या. उजवाच बंद. सलीमभाईंनी दुकानातला नवाकोरा टेप आणून जोडला. तरी उजवाच बंद. मग मी आवाज पूर्ण उजवीकडे फिरवला. आता डावा गप्प होता आणि उजवा एकटा गात होता. मामा म्हणाले, "हा तर डावाच वाजून राहिला. आवाज काहून कमी केला?"

सरांनी वही काढली. दुपार झाली. माझी अवस्था अशी की, गावातले दोन मिस्त्री बरे, त्यांनी निदान खोललं तरी नव्हतं. मामा एकदाही चिडले नाहीत. प्रत्येक वेळी मन लावून ऐकत आणि तेच सांगत. त्यांना मुद्दाम खोड काढायची असती तर मला कमी वाईट वाटलं असतं.

सलीमभाई बराच वेळ गाडीकडे बघत उभे होते. मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "सब अदल-बदल करके देखे. एकीच चीज बाकी है." आणि मामांना म्हणाले, "मामा, जरा बीच की सीट पे आओ. पीछे मुँह करके बैठो."

मामा मधल्या सीटवर मांडी घालून बसले. पाठ पुढच्या सीटला, तोंड मागच्या काचेकडे. सलीमभाईंनी दोन्ही स्पीकर सारखे करून टेप लावला. मामांनी थोडा वेळ मान तिरपी करून ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आता गाडीचा उजवा वाजून राहिला की," ते म्हणाले. "पण डावा बंद पडला."

मुंजाजी सरांनी वही मिटली. सलीमभाई खाली वाकले आणि आधीच घट्ट असलेला एक स्क्रू आवळत बसले.

"जावईबापू," मामांनी पाठमोऱ्यानंच विचारलं, "सापडला का फॉल्ट?"

मी जीपला वळसा घालून त्यांच्या डाव्या कानाच्या बाजूला गेलो आणि म्हणालो, "सापडला, मामा."

"मंग करा दुरुस्त," मामा म्हणाले. "आता दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा न्हाई मला."