फाटकातून परत गेलेली बँजो पार्टी

२०१४ च्या जूनमध्ये मी डहाणू सोडलं. माझ्या मुलानं, नितीननं, घराला कुलूप लावलं आणि फाटक ओढलं, तर ते नेहमीसारखं जमिनीला घासून अडलं. "बाबा, हे अजून तसंच अडतं," एवढंच तो म्हणाला. मी गाडीत मांडीवर चिकूची पाटी घेऊन बसलो होतो. ऐकलंच नाही असं दाखवलं.

बायको आदल्या वर्षी गेली होती. एकट्या म्हाताऱ्यानं रिकाम्या घरात राहू नये, असं सगळ्यांचं मत पडलं आणि मी गोरेगावला नितीनकडे, सातव्या मजल्यावर राहायला गेलो. त्याच पावसाळ्यात आमचा भाग ठाण्यातून निघून पालघर जिल्हा झाला. मी घर सोडलं आणि मागोमाग घरानं जिल्हा सोडला.

तुमच्यापैकी जे डहाणूतच राहिले आणि जे माझ्यासारखे मुंबई, वापी, सुरतेला गेले, त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी नितीनचा सिनेमा पाहून मला फोन केले. "बाप असावा तर असा," म्हणालात. सिनेमातला तो बाप मी नाही. खरं काय झालं ते आता सांगतो.

मी डहाणू रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात क्लार्क होतो. आयुष्यभर चिकूच्या पाट्या गाडीत चढवून दिल्या. गाव मला 'पार्सलबाबू' म्हणायचं आणि त्याचा मला अभिमान होता. सरकारी नोकरी, इस्त्रीचा शर्ट, महिन्याला पगार. नितीन कॉलेजात असताना जवळच्या वरोर गावातल्या लक्ष्मण तांडेलच्या बँजो पार्टीत वाजवायला लागला. लक्ष्मण मासेमारी करायचा आणि लग्नसराईत पार्टी घेऊन गावोगाव हळदी वाजवायचा. आमचा मुलगा गळ्यात बँजो अडकवून कोळीवाड्यातून फिरतो, हे मला कुणी सांगितलं की जेवण जायचं नाही.

किनाऱ्यावरच्या या पार्ट्यांची एक रीत होती. ज्याच्या घरचा मुलगा पार्टीत असेल, त्याच्या घरच्या हळदीला बोलावणं लागत नाही. पार्टी आपणहून येते, फाटकात उभी राहते, घरधनी नारळ देतो आणि मग वाद्यांवरची कापडं निघतात. नारळ न घेता वाद्य परत गेलं, तर ते दोघांनाही अशुभ.

माझ्या मुलीची, मीनाची, हळद होती. सुरतेहून व्याही आले होते. मी सनई सांगितली होती. दुपारी लक्ष्मणची पार्टी फाटकात येऊन उभी राहिली. सगळ्यांचे शर्ट एकसारखे, निळे. मध्ये नितीन. बायकोनं ताटात नारळ, कुंकू तयार ठेवलं होतं. म्हणजे तिला माहीत होतं. मी तिच्या आधी फाटकापर्यंत गेलो आणि ते ओढून घेतलं. व्याह्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, "हे रेल्वेवाल्याचं घर आहे, कोळीवाडा नाही. नितीन, तू आत ये. बाकीच्यांनी जावं."

लक्ष्मणनं फक्त माझ्या हातांकडे पाहिलं, नारळ आहे का म्हणून. मग तो वळला. नितीनही त्याच्याबरोबर वळला. बहिणीची हळद सोडून तो वरोरला गेला आणि त्याच आठवड्यात तिथूनच मुंबईला. मी त्याला निरोप द्यायला प्लॅटफॉर्मवर गेलो नव्हतो, ऑफिस तिथेच असूनही. माझ्या खिडकीतून प्लॅटफॉर्म दिसायचा. त्या दिवशी मी खिडकी लावून घेतली होती. बायको एवढंच म्हणाली, "नारळ तरी द्यायचात हो." तो नारळ तिनं देव्हाऱ्यात ठेवला. पुढं तो सुकून आत खुळखुळायला लागला, तरी तिनं तो फोडला नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. नितीन पॉप गायक झाला. केसांना रंग, डोळ्यांवर काळा चष्मा, कॅसेटवर फोटो. त्याचं एक गाणं एवढं चाललं की हायवेवर चारोटीच्या प्रत्येक हॉटेलात तेच लागायचं. गाण्याच्या मध्ये बँजोचा एक तुकडा होता. तो लक्ष्मणच्या पार्टीचा हात आहे, हे मला कळायचं आणि मी टीव्हीचा आवाज कमी करायचो. मग मोबाईल आले, अल्बम कोणी विकत घेईना. नितीन नवरात्रीत स्टेज शो करायचा. स्वतःच्या गाण्यांचे व्हिडिओ करता करता तो कॅमेरा शिकला, दुसऱ्यांचे व्हिडिओ करू लागला, मग जाहिराती. मी गोरेगावला गेलो तेव्हा गिटार कपाटावर होती आणि तो दिवसभर कानाला हेडफोन लावून एडिटिंग करत बसायचा.

"गाणं सोडलंस का रे?" मी विचारलं.

"सोडलं नाही, बाबा. आता लोकांकडून गाऊन घेतो."

फाटकाबद्दल आम्ही एका छताखाली राहून कधी बोललो नाही. तो मला चहात साखर किती ते विचारायचा, मी त्याला जेवलास का विचारायचो.

२०१८ मध्ये त्यानं पहिला सिनेमा करायला घेतला. बँजो वाजवणाऱ्या मुलाची गोष्ट. आमच्या गल्लीत आता बिल्डिंगी झाल्यात, म्हणून शूटिंगसाठी तलासरीत एक जुनं घर घेतलं. बँजो मास्तरच्या कामाला त्यानं नट घेतला नाही, लक्ष्मणलाच आणलं. मला म्हणाला, "बाबा, चला. हवापालट होईल." मला वाटलं, आज माझी सगळ्यांसमोर शोभा होणार. तरी गेलो. ते मला मिळायलाच हवं होतं.

मॉनिटरजवळ छत्रीखाली मला खुर्ची दिली. मांडव, फाटक, निळे शर्ट. ॲक्शन म्हटल्यावर माझं काम करणारा नट ताटातला नारळ घेऊन पुढं आला, फाटक सताड उघडलं आणि म्हणाला, "या लक्ष्मणराव. मांडव तुमचाच आहे." लक्ष्मणनं नारळ कपाळाला लावला. नितीन म्हणाला, "वन मोअर."

पुन्हा फाटक उघडलं. पुन्हा नारळ. सगळं ठीक दिसत होतं, तरी नितीन म्हणत होता, "वन मोअर." पाहुण्यांच्या गर्दीत बसवलेली तलासरीची एक म्हातारी वैतागून म्हणाली, "अरे भाई, नवरीला हळद लावून लावून सालटी निघेल. लगीन कधी लावणार?" सगळे हसले. नितीन हसला नाही. तो मॉनिटरकडे बघत होता. मग मला कळलं, टेक चुकत नव्हता. त्याला ते पुन्हा पुन्हा बघायचं होतं.

चहाच्या वेळी लक्ष्मण माझ्या शेजारी येऊन बसला. केस पांढरे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं.

"काय पार्सलबाबू," तो म्हणाला, "तवा एकदा आत घेतला असता, तर आज इतक्या वेळा यावा लागला नसता."

त्यानं बशीतली खारी माझ्याकडे सरकवली. "खा. तुमच्या पोराच्या पैशाची हाय."

२०१९ मध्ये सिनेमा आला आणि डहाणूत तुम्ही माझा सत्कार केलात. कलेची कदर करणारा बाप, असं बोललात. मी माईकसमोर उभा राहिलो, समोर दुसऱ्या रांगेत लक्ष्मण. सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि "आभारी आहे" म्हणून शाल घेऊन खाली बसलो. लक्ष्मणनं टाळ्या वाजवल्या. ती शाल मी अजून पांघरलेली नाही.

कार्यक्रमानंतर मी त्याला रस्त्यात गाठलं. म्हटलं, "उद्या घरी या. पार्टी घेऊन."

"वाजवायला का जेवायला?"

"दोन्हीला."

"पार्टी कुठली आता? डीजे आल्यापासून पोरं बोटीवर नायतर वापीच्या कंपनीत. मी नि माझा भाचा, दोघं हाव."

"दोघं या."

सत्कारासाठी सुरतेहून मीना आली होती, नितीनही होता. सकाळी आम्ही कुलूप काढलं, अंगण झाडलं. दुपारी लक्ष्मण भाच्याला घेऊन आला आणि फाटकात उभा राहिला. आत आला नाही. मी देव्हाऱ्यातला तो सुका, खुळखुळणारा नारळ घेऊन गेलो. फाटक अडलं. नितीन मदतीला धावला, मी त्याला थांबवलं आणि उचलून उचलून ते स्वतः उघडलं. लक्ष्मणनं नारळ कानाशी हलवून पाहिला. "पाणी आटलं बाबू," म्हणाला, आणि कपाळाला लावून आत आला.

गोरेगावला मला रोज घराची आठवण यायची, पण आठवणीतल्या घराचं फाटक बंदच असायचं. इतकी वर्षं मी त्या घरात राहिलो, तरी ते खऱ्या अर्थानं घर झालं ते त्या दुपारी.

नितीननं भाच्याचा बँजो मागून गळ्यात अडकवला. मीना, केसांत चांदी आलेली, पायरीवर बसून रडत हसत होती. आवाज ऐकून शेजारच्या बिल्डिंगीच्या गॅलरीतून एक बाई वाकली. "काका, कोणाची हळद?"

"आमच्या मीनाची," मी म्हणालो.

"अहो, तिचा मुलगा कॉलेजात आहे ना?"

"हो. वाजवणाऱ्यांना आत घ्यायला मला जरा उशीर झाला."