सतराव्या बिंदूवरची उकळी

मळमड्डीचे दत्तात्रेय सर रायापूरजवळच्या एका तंत्रमहाविद्यालयात पंचवीस वर्षे उष्णतावहन शिकवीत आले. इंजिन थंड राखणाऱ्या द्रवात पाणी किती आणि ग्लायकॉल किती असावे, हे ते इंजिन तापवण्याआधी संगणकावर मांडून पाहत. ही सावधगिरी एका मृत्यूने शिकवली होती. दोन वर्षांपूर्वी चाचणी चालू असता नळी फुटली आणि प्रयोगशाळेतला परशुराम वाफेने भाजून गेला. तेव्हा गणित चाचणीनंतर होई, आणि सरांचे आकडे तोच संगणकात भरीत असे. पन्नास टक्के भरायचे तरी '०५०' भरी. "तीन घरं दिलीत ना सर, एक रिकामं कशाला?" असे म्हणे.

१९९८च्या खंडेनवमीला रिवाजाप्रमाणे सारी यंत्रे विसावली. सरांनी संगणकाला गंधफूल वाहिले, वर वस्त्र पांघरले, खोलीला कुलूप लावले आणि किल्ली जानव्याला बांधली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चाचणी होती. परशुरामाच्या जागी आलेला हणमंत इंजिनापाशी उभा राहणार होता. सकाळी सरांनी कुलूप काढले. वस्त्राची चुणीही हललेली नव्हती. फूल जागच्या जागी सुकले होते. मात्र गणित उघडताच ग्लायकॉलच्या घरात त्यांनी भरलेले ५० दिसेना. तेथे ०३० होते. खाली निष्पत्ती: सतराव्या बिंदूवर उकळी.

नळी इंजिनाच्या माथ्याला जिथे मिळते, तो हा बिंदू. दोन वर्षांपूर्वी ती तेथेच फुटली होती.

आकडा पुसायला उचललेला हात थबकला. सर खाली उतरले.

"हणमंता, इंजिनाच्या द्रवात काही घातलंस?"

"चार लिटर काढलं सर, अन् पूजेच्या कळशीतलं तेवढंच ओतलं. मंत्रलेलं पाणी पायदळी कसं सांडायचं? आमच्या अक्कानं तर ट्रॅक्टरलाही पाजलंय."

"दहातले चार?"

"मोजून, सर. तुमच्या हाताखाली आहे ना मी."

पाच लिटर ग्लायकॉलातले दोन गेले, तीन उरले. दहात तीन. हे हणमंतावाचून कोणालाही ठाऊक नव्हते, आणि हणमंताला संगणक सुरू करणेही येत नव्हते.

द्रव उपसून निम्मे-निम्मे मिश्रण पुन्हा भरले. चाचणी दोन तास चालली. नळी शाबूत राहिली. हणमंत शीळ घालीत जेवायला गेला.

सर वर आले. ग्लायकॉलच्या घरात त्यांनी ५० भरले. मग पाचाच्या आधी त्यांनी सावकाश एक शून्य घातले.